भाचा भारताकडून खेळेल का? दुसऱ्या सीझनपर्यंत थांबा

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी मला तो कसा समजला ते सांगतो. देवगडकडचा तुमचा भाचा सतरा वर्षांचा, डावखुरा मध्यमगती गोलंदाज. यंदा जिल्ह्याच्या १९ वर्षांखालील संघातून त्यानं खोऱ्यानं विकेट काढल्या. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांतही त्याला मागणी आहे. वाडीतले लोक म्हणतात हा इंडिया खेळणार, मुंबईचे नातेवाईक म्हणतात बारावी झाली की इकडे पाठवा. राज्य पातळीवर इतकी चांगली पोरं असताना पुढे कोण जाणार हे आम्ही कोच लोक कशावरून ओळखतो, सध्या कोणाकडे बघावं, आणि भाचा त्यात बसतो का, असं तुम्ही विचारलंय.

यात तीन प्रश्न गुंतलेत. पोरगा चांगला आहे का? जिल्ह्याकडून विकेट काढतोय म्हणजे आहे, त्यासाठी माझी गरज नाही. तो सुधारत राहील का? हा खरा प्रश्न आणि यावर मी काही सांगू शकतो. तिसरा, त्याला जिथं जायचंय तिथं जागा आहे का? ते त्याच्याही हातात नसतं आणि माझ्याही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच वर्षं पोरांना शिकवतोय, जिल्ह्याच्या निवड चाचण्यांनाही बसलोय, त्या अनुभवातून लिहितो. भाच्याची गोलंदाजी मी पाहिलेली नाही, तेव्हा त्याच्यापुरतं जे सांगेन ते जपूनच घ्या.

पहिल्या सीझनच्या आकड्यांवर मी फारसं काही ठरवत नाही. नवीन पोरगा येतो तेव्हा त्याच्याकडे एखादं हत्यार असतं. डावखुऱ्याचा आत येणारा बॉल घ्या. उजव्या हाताच्या बॅट्समननं तो कोन फारसा पाहिलेला नसतो, पाय उशिरा निघतो, एलबी नाहीतर बोल्ड. आठ-दहा सामने हे चालतं. पुढच्या वर्षी तेच बॅट्समन ऑफ स्टंपच्या बाहेर उभे राहून त्याची वाट बघत असतात. वर गेलं की हे आणखी झपाट्यानं होतं, कारण राज्य संघांबरोबर व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट असतात. तुमच्या पोरानं काय टाकलं, कुठं टाकलं, दमल्यावर काय टाकलं, सगळं समोरच्या संघाच्या लॅपटॉपवर असतं. म्हणून मी दुसरा सीझन बघतो. लोकांनी ओळखल्यावर पोरगा काय करतो?

आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण घ्या. शार्दूल ठाकूर पालघरचा. किट घेऊन लोकलनं मुंबईला जायचा, ही कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की २०१२-१३ मध्ये मुंबईकडून रणजी खेळायला लागल्यावर पहिल्या चार सामन्यांत त्याला चारच विकेट मिळाल्या, तीही विकेटमागे सरासरी ८२ धावा देऊन. आपल्याकडे अशा पोराला पाचव्या सामन्यात पाणी न्यायला लावलं असतं. पुढच्या सीझनला त्यानं सहा सामन्यांत २७ विकेट घेतल्या, त्याच्या पुढच्या, २०१४-१५ च्या सीझनला दहा सामन्यांत ४८. ऑगस्ट २०१७ मध्ये तो भारताकडून वनडे खेळला. वजनावरून बोलणी खाल्ली, ते कमी केलं. तुम्ही जे चिन्ह विचारताय ते या चढत्या आकड्यांत आहे. ते पहिल्या वर्षी कोणालाच दिसलं नसतं.

याच किनाऱ्यावर दुसरं टोकही आहे. विरारच्या पृथ्वी शॉनं २०१३ मध्ये मुंबईच्या शालेय स्पर्धेत, हॅरिस शील्डमध्ये, ५४६ काढले, ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला कसोटी पदार्पणातच १३४. एवढी गुणवत्ता मी तरी शालेय क्रिकेटमध्ये क्वचितच पाहिली असेल. पण २०२० च्या डिसेंबरात अ‍ॅडलेडला दोन्ही डावांत तो बॅट आणि पॅडमधल्या फटीतून बोल्ड झाला आणि पुढच्या कसोटीत जागा गेली. जगाला फट दिसली होती. देशांतर्गत क्रिकेटमध्ये त्याच्या धावा त्यानंतरही होत राहिल्या, आता तो महाराष्ट्राकडून खेळतो. रणजीत दीडशे काढता येणं आणि तुमची फट शोधून त्यातच बॉल टाकणाऱ्या माणसासमोर उभं राहता येणं, या दोन कामांत फार अंतर आहे.

आता भाच्याच्या बाबतीत दुसऱ्या सीझनला मी काय बघेन? आत येणारा बॉल त्याच्याकडे आहे असं धरून चालू. तसाच हात, तसाच रनअप ठेवून तो बाहेर जाणारा बॉल टाकू शकतो का? की तो टाकताना मनगट आधीच सांगून जातं? नवा बॉल बारा-पंधरा ओव्हरमध्ये मऊ पडला की काय करतो, नुसता जोर लावतो की लेंग्थ बदलतो? अराउंड द विकेट येताना नो बॉल पडतात का? दुपारी चहानंतरच्या तिसऱ्या स्पेलमध्ये (सलग टाकलेल्या ओव्हर म्हणजे एक स्पेल) पहिल्या स्पेलच्या मानानं वेग किती पडतो? आणि एक बारीकशी गोष्ट, जी स्कोअरशीटवर येत नाही: गेल्या वर्षी ज्यानं त्याला चोपला होता तो बॅट्समन पुन्हा समोर आला, तर याला आठवतं का की तेव्हा कुठं मार खाल्ला? काही पोरांना प्रत्येक चौका पाठ असतो. चाचणीत मी मुद्दाम विचारतो. ज्याला आठवतं आणि ज्यानं त्यावर काहीतरी करून पाहिलंय, त्याचं नाव मी वहीत वेगळं लिहितो, मग त्या दिवशी त्याला एकही विकेट मिळालेली नसली तरी.

वेगाबद्दल कोणी डोकं खात असेल तर सांगतो. सतराव्या वर्षी ताशी १२५ किलोमीटरचा वेग चालतो, शरीर भरलं की वाढतो. डावखुऱ्याला स्विंग असेल तर १३५ वर भारताकडून खेळता येतं, अर्शदीप सिंग बघा. उजव्या हाताच्या गोलंदाजाला एवढ्या वेगावर वर सहसा कोणी विचारत नाही. या एका बाबतीत तुमचा भाचा नशीबवान आहे.

कोकणातल्या पोरांच्या वाटेत तीन अडचणी येतात. पुण्या-मुंबईच्या कोचला त्या दिसत नाहीत, म्हणून जरा सविस्तर.

एक, मॅटिंग. आपल्याकडे बहुतेक सराव जांभ्याच्या मातीवर अंथरलेल्या मॅटवर होतो. उसळी उंच आणि एकसारखी, कटर मस्त पकडतो. त्यामुळे आपल्या गोलंदाजांना थोडा आखूड टाकायची सवय लागते, कारण मॅटवर आखूड बॉलही छातीवर जातो. पुण्यात टर्फवर, म्हणजे मॅट नसलेल्या मातीच्या पिचवर, तोच बॉल कमरेखाली येतो आणि मस्त कट बसतो. बॅट्समनचंही असंच, मागच्या पायावर वाघ, पण खाली राहणाऱ्या स्पिनसमोर पुढचा पाय पोहोचत नाही. यावर उपाय एकच, टर्फवर तास काढणं. मॅटवर सराव करताना फुल लेंग्थला एक पट्टी रंगवा आणि तिच्यापलीकडे पडलेला बॉलच मोजा, एवढं तरी घरबसल्या करता येतं.

दोन, पाऊस. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जूनपासून मैदानात गवत कमरेएवढं. १९ वर्षांखालील मुलांची विनू मंकड वनडे स्पर्धा साधारण ऑक्टोबरात होते आणि मागोमाग चार दिवसांची कूचबिहार ट्रॉफी. म्हणजे राज्याच्या चाचण्या आणि शिबिरं भर पावसाळ्यात. पुण्याचा पोरगा इनडोअर नेटमध्ये रोज टाकत असतो. आपला पोरगा दोन महिने हात न हलवता घाट चढून जातो आणि पहिल्याच दिवशी निवड समितीसमोर जीव तोडून टाकतो. एक तर लय सापडत नाही, नाहीतर पाठ धरते. वाढत्या वयातल्या वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाणं ही नेहमीची दुखापत आहे, आणि रिकामं बसून एकदम भार टाकला की तिचा धोका वाढतो. म्हणून जून ते ऑगस्ट शाळेचा हॉल, मंगल कार्यालय, भाताची गिरणी, जिथं पत्र्याखाली पिचचे बावीस यार्ड आणि मागे रनअपला थोडी जागा मिळेल तिथं मॅट टाका. आठ पावलांचा रनअप चालेल. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला चार-पाच ओव्हर, मग दर आठवड्याला थोड्या वाढवत न्या. चाचणीआधी पंधरा दिवस पुण्यात कोणाकडे राहायची सोय होत असेल तर पैसे तिथं घाला. नवी बॅट घेऊ नका. गोलंदाजाला नवी बॅट कशाला, हे मामा लोकांना सांगून थकलो.

तीन, टेनिस बॉल. यावर मला फोरमवर शिव्या पडणार हे माहीत आहे. जानेवारीपासून मे पर्यंत आमदार चषक, सरपंच चषक, वाडीमर्यादित, प्रकाशझोतातले सामने, रोख बक्षिसं, मालवणच्या बोर्डिंग ग्राऊंडवर नाहीतर सावंतवाडीच्या जिमखान्यावर माणसांचा महापूर. गरीब घरच्या पोराला एका रात्रीत मिळणारे पैसे मी कोणत्या तोंडानं नाकारायला सांगू? शिवाय टेनिसमधून वर गेलेली माणसं आहेत. तमिळनाडूतल्या सेलमजवळच्या खेड्यातला टी. नटराजन टेनिस बॉलवर यॉर्कर शिकला आणि २०२०-२१ च्या एकाच ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तिन्ही प्रकारांत भारताकडून खेळला. पण त्याच्या गोष्टीतला मधला भाग कोणी सांगत नाही. २०१५ मध्ये रणजी पदार्पण झाल्यावर त्याच्या अ‍ॅक्शनवर शंका आली, ती दुरुस्त करण्यात वेळ गेला, आणि भारताची टोपी मिळाली तेव्हा तो २९ वर्षांचा होता. हलक्या बॉलला वेग द्यायला कोपरातून झटका बसतो, खांदा खाली पडतो. सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या कडक बॉलवर, ती सवय निघायला वर्ष लागतं.

माझा व्यवहारी तोडगा असा: सप्टेंबर ते जिल्ह्याचे सामने संपेपर्यंत टेनिस बंद. नंतर घरची गरज असेल तर मोजक्या स्पर्धा, पण एका रात्रीत चार-चार सामने टाकायला कोणी लावलं तर मामा म्हणून तुम्ही मैदानात जाऊन त्याला उठवून आणा. देवगडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, कोवळ्या कलमाला पहिली काही वर्षं मोहोर आला तर आपण खुडतोच. मुकेश चौधरी आपल्या महाराष्ट्राचाच डावखुरा, २०२२ च्या आयपीएलमध्ये १६ विकेट घेतल्या आणि दुखापतीमुळे २०२३ ची आयपीएल पूर्ण हुकली. जाणत्या फिजिओंच्या नजरेखाली असलेल्या माणसाचं हे होतं.

मुंबई की पुणे? कागद आधी समजून घ्या. पालघर, ठाणे मुंबई असोसिएशनकडे जातात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशनकडे. एकीकडे नोंद झालेला खेळाडू दुसरीकडे न्यायचा तर ना-हरकत पत्र लागतं, आणि जन्म, शिक्षण, नोकरी किंवा रहिवास यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. नियम बदलत असतात, दोन्ही कार्यालयांत विचारून मगच दाखला हलवा. मुंबईत सामने जास्त, मैदानं टर्फची, स्पर्धा जीवघेणी. तिथं पन्नास डावखुरे रांगेत असतील तर तुमचा पोरगा एकावन्नावा. महाराष्ट्राकडून खेळताना घाट ओलांडावा लागतो, एसटीनं दिवस मोडतो, पण त्याचं नाव आधीच जिल्ह्याच्या यादीत आहे. सावंतवाडीचा निखिल नाईक याच वाटेनं महाराष्ट्राचा विकेटकीपर झाला आणि आयपीएलमध्ये पंजाब आणि कोलकात्याकडून खेळला.

मुंबईला जाणारे सगळे चुकतात असंही नाही. झहीर खान श्रीरामपूरचा, तुमच्या भाच्याएवढ्याच वयात मुंबईला आला, क्लब क्रिकेट खेळला, मग चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशन या वेगवान गोलंदाजांच्या अकादमीत गेला. पण रणजी पदार्पण बडोद्याकडून केलं आणि २००० मध्ये भारताकडून. मुंबईनं त्याला शिकवलं, जागा दुसऱ्यानं दिली. माझं मत विचाराल तर आणखी एक सीझन महाराष्ट्राकडूनच, निदान त्याचा १९ वर्षांखालील वयोगट संपेपर्यंत. शिक्षणासाठी पुण्याचं कॉलेज मिळालं तर सोन्याहून पिवळं. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ पासून सुरू झालीय, त्यातही दार आहे. रत्नागिरी जेट्सनं पहिल्या दोन्ही वर्षी ती जिंकली, पण नावात रत्नागिरी असली तरी खेळाडू लिलावातून येतात, तेव्हा गावच्या नावावर कोणी घेईल या भरवशावर राहू नका.

जागेचं मघाशी म्हणालो. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांच्या प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात तशीच गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी होते. मुंबईच्या अमोल मुजुमदारनं रणजी पदार्पणात २६० काढले, कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा, आणि मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, लक्ष्मण, गांगुली. त्याला भारताची टोपी मिळाली नाही. पुढे त्याच्याच प्रशिक्षणाखाली भारतीय महिलांनी २०२५ चा विश्वचषक जिंकला, तो भाग वेगळा. आज विदर्भाचा हर्ष दुबे बघा. २०२४-२५ च्या रणजीत ६९ विकेट, एका सीझनमधला विक्रम. डावखुरा फिरकी, बॅटिंगही येते. पण त्या खुर्चीभोवती जडेजा आणि अक्षर. उलट केदार जाधव. २०१३-१४ च्या रणजीत १२२३ धावा, महाराष्ट्र अंतिम फेरीत, आणि वयाच्या २९ व्या वर्षी भारताची वनडे टोपी. एकोणिसाव्या वर्षी नाव आलं नाही म्हणून घरात सुतक पाळू नका.

सध्या मी कोणाकडे बघतो? विरारचा आयुष म्हात्रे. सतराव्या वर्षी महाराष्ट्राविरुद्ध रणजीत १७६, मग आयपीएलमध्ये चेन्नईकडून बेंगळुरूविरुद्ध ४८ बॉलमध्ये ९४. माझ्या कसोटीनं त्याची खरी परीक्षा यापुढेच, कारण आता सगळ्यांनी त्याला पाहिलंय. बीडचा सचिन धस मला जास्त आवडतो. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ चा पाठलाग, ४ बाद ३२, आणि तिथून ९६. बीडमध्ये आपल्यासारखीच टर्फची बोंब, त्यातून आलेला पोरगा. सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीवरही लक्ष ठेवा. वेगवान गोलंदाजी करणारा ओपनर आपल्या देशात मिळतो कुठं? यांतले कोण कसोटी खेळतील यावर मी पैज लावणार नाही.

म्हणून भाच्याबद्दल थोडक्यात: यंदाच्या विकेटवरून त्याला शाबासकी द्या, निर्णय नको. पावसाळ्यात हात चालू ठेवा, टेनिसला आवर घाला, बिऱ्हाड हलवायची घाई नको, आणि पुढचा सीझन नीट बघा. बारावीची परीक्षा मात्र द्यायला लावा. रेल्वे, बँका, सरकारी खाती यांत खेळाडूंच्या जागा निघतात तेव्हा प्रमाणपत्राबरोबर गुणपत्रिकाही मागतात.

मला काही बघायला पाठवायचं असेल तर इंस्टाग्रामवरच्या विकेटच्या रील नकोत. मोबाइल बॅट्समनच्या मागे, कीपरच्या सरळ रेषेत ठेवा, दुसरा बाजूनं क्रीझच्या रेषेत, आणि सामन्यातला शेवटचा स्पेल पूर्ण चित्रित करा, वाइड आणि चौक्यांसकट. सोबत त्याची जन्मतारीख कळवा. वयोगटाची कटऑफ १ सप्टेंबर असते. १९ वर्षांखालील आणखी एक सीझन त्याच्याकडे आहे की दोन, त्यावर वर लिहिलेल्यातलं निम्मं बदलेल.